धाकट्या सुनेची पाटी

सांगलीला निघण्याआधी वडिलांनी मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. चष्मा पर्समध्ये ठेवायचा, आणि एम.एस्सी.च्या राहिलेल्या वर्षाचा विषय आपण होऊन काढायचा नाही. मुलाकडच्यांना लग्न याच वैशाखात हवं होतं आणि त्यांची सून पुढे शिकायला साताऱ्यात राहणार नव्हती. "एकदा ठरू दे, मग मी बघतो," वडील म्हणाले. ते काही बघणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

पोहे झाले. मला कुणी फारसं विचारलं नाही, आणि मीही मान वर केली नाही. मुलगा तिथल्या फिल्म सोसायटीत होता. दुपारी एक जुना मूकपट दाखवणार होते, तिथे सगळेच जाऊ, असं त्यानं सुचवलं. मला हायसं वाटलं. अंधारात कुणी माझ्याकडे बघणार नव्हतं.

मुलाची आई आणि कडेगावहून आलेली त्याची आत्या, या दोघींच्या मधे मला बसवलं. वडील आणि मुलगा मागच्या रांगेत. प्रोजेक्टर खडखडू लागला आणि पडद्यावर संवाद लिहिलेली पहिली पाटी आली. वर इंग्रजी, खाली गुजराती.

"काय लिवलंय गं?" आत्यांनी विचारलं.

"इंग्रजी शाळेतली आहे ना ही," मुलाची आई म्हणाली. "वाचून दाखव आम्हाला."

मला पडद्यावर नुसता पांढरा धूर दिसत होता. मी पर्स उघडून चष्मा लावला. मुलाच्या आईनं मान वळवून पाहिलं. मागे वडील खाकरले.

गोष्ट दोन जावांची होती. थोरली अडाणी, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी. धाकटी शहरात शिकलेली. पायात बूट, हातात पुस्तक आणि डोळ्यांवर चष्मा. ती पडद्यावर आली तेव्हा मुलाच्या आईनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. बाळ रडत होतं, दूध उतू जात होतं आणि धाकटी वाचत बसली होती. सासऱ्याची पाटी आली. मी हळू आवाजात मराठीत सांगितलं, "शिकलेली सून घरात आली, की लक्ष्मी मागच्या दारानं जाते."

"अगदी खरं," मुलाची आई म्हणाली.

घरचा गडी तोंड उघडं टाकून सारखा डोकं खाजवत होता. लोक हसत होते. आत्या मात्र चिडल्या. "आवं वैनी, आमच्यात कोण खाजवतंय असं? हा पिच्चरवाला रानात कवा गेलाय का?"

"वन्सं, हळू!"

मग धाकटीला घराबाहेर काढलं. सासरा, दीर, थोरली, सगळ्यांना पाट्या मिळाल्या. मी एकेक सांगत गेले. शेवटी धाकटी उंबऱ्यात उभी राहून बोलायला लागली. आधी हात जोडून, मग हात सोडून, खूप वेळ बोलली. मी पाटीची वाट पाहिली. पाटी आलीच नाही.

"लय बोलली की गं. काय म्हणती?"

पडद्यावर तिचे ओठ अजून हलत होते.

"ती म्हणते," मी म्हणाले, "माझं शिक्षणाचं एक वर्ष राहिलंय. तेवढं पूर्ण करू द्या. मग घरचं सगळं करते."

मागे खुर्ची करकरली. पाटी नव्हती हे मुलाला दिसलं असणारच. आता तो बोलेल, आता बोलेल, म्हणून मी पर्सचा पट्टा मुठीत आवळून बसले.

"मग करू द्यावं की!" आत्या म्हणाल्या. "येका वर्सानं काय घर बुडतंय व्हय?"

मुलाच्या आईनं मागे वळून मुलाकडे पाहिलं.

दिवे लागले. बाहेर आल्यावर तिनं मुलाला विचारलं, "तसं लिहिलं होतं का रे तिथं?"

"नाही. तिथं पाटीच नव्हती," तो चपलेकडे बघत म्हणाला.

"म्हणजे ते हिचं." ती वडिलांकडे वळली. "आमचा वैशाख ठरलाय. तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

माझ्या डोळ्यांवर चष्मा तसाच होता. पोर आहे, मनावर घेऊ नका, असं वडील म्हणतील, याची मी वाट पाहत होते. त्यांनी रुमालानं मान पुसली. रुमालाची घडी केली.

"मग हा वैशाख राहू द्या," ते म्हणाले.

साताऱ्याच्या एसटीत ते कराड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी विचारलं, "पण ती बाई खरं काय बोलत होती?"

"कळलं नाही," मी म्हणाले. "तिला पाटी दिलीच नव्हती."