पडदेवाल्या अर्विनची नदीवरची तालीम

पडदा वर जातो तेव्हा डायकेमांच्या परसात ऑक्टोबरचं पिवळं ऊन पडलेलं आहे. मध्यभागी मेपलचं झाड. त्याच्या फांदीवरून दोन जाडजूड पाय लटकताहेत. छातीच्या वर काहीच नाही, आणि उजव्या गुडघ्यातून पाण्याची बारीक धार लागली आहे. डावीकडून शेजारीण लेओना कोस्की केकची थाळी घेऊन प्रवेश करते, पाय बघते आणि जागच्या जागी थिजते.

"अगं बाई! अर्विन गेला की काय?"

"मी इथं आहे," झाडामागून कुजबुज आली. "ही नुसती रबरी विजार आहे. पाणी भरून भोक शोधतोय."

"मग तसं मोठ्यानं सांगावं की! केक पडला असता माझा."

मोठ्यानं सांगणं हीच तर सगळी अडचण होती.

अर्विन डायकेमा त्या वर्षी एकाहत्तर वर्षांचा होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच मासे धरायला निघाला होता. आमच्या हार्लो गावात हे चारचौघांत सांगायलाही लाज वाटावी. पानगळ लागली की मिशिगन तलावातून सॅमन आमच्या नदीत चढतात, त्यांची अंडी खायला मागोमाग स्टीलहेड नावाचे मोठे चंदेरी मासे येतात आणि त्यांच्या मागे सगळं गाव. अर्विन तेवढा घरी राही. त्याला पोहता येत नव्हतं. धक्क्यावर आइस्क्रीम खायला गेला तरी एक हात कठड्यावर.

मासे धरायची ती त्याची बायको, ट्रूडी. चाळीस पानगळी ती आणि तिची बहीण बर्निस कमरेएवढ्या पाण्यात शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. मग बर्निसचे सांधे धरले आणि ती ॲरिझोनाच्या उन्हात राहायला गेली. त्या वसंतात ट्रूडीला नवा खुबा बसवला. डॉक्टर म्हणाले, नदीत खुशाल जा, पण कुणीतरी तुमचा कमरेचा पट्टा धरून शेजारी उभं राहिलं पाहिजे. एका सकाळी ट्रूडीनं आपल्या गळाच्या चारही काठ्या फाटकाला टेकवून ठेवल्या आणि वर पाटी लावली: विकणे आहे.

अर्विननं पाटी वाचली, फाडली आणि तडक माझ्याकडे आला. टोपी हातात.

"विल्मा," तो कुजबुजला, "मला ओरडायला शिकव."

नदीवर माणसं दहा-दहा हातांवर उभी असतात. कुणाला मासा लागला की त्यानं "मासा लागला!" म्हणून ओरडायचं. मग प्रवाहाच्या खालच्या अंगाचे सगळे आपापल्या दोऱ्या गुंडाळून वाट मोकळी करून देतात. नाही ओरडलात, तर मासा सगळ्यांच्या दोऱ्यांतून शिवत जातो. आणि मासा लागला की ट्रूडीची दातखीळ बसायची. चाळीस वर्षं तिच्यासाठी बर्निस ओरडत आली होती.

आता अर्विनच्या आवाजाबद्दल. जुन्या चेरीच्या गोदामात आमचं उन्हाळी नाटकघर होतं. मी तिथे सव्वीस उन्हाळे राण्या, विधवा आणि एकदा घोडासुद्धा रंगवला. अर्विन हिवाळ्यात शाळेची बस चालवायचा आणि एकतीस उन्हाळे त्यानं आमचा पडदा ओढला. पडद्यामागे आवाज करायचा नाही हा नियम त्यानं इतका मनावर घेतला, की त्याचा गळाच मिटला. लग्नात पाद्रीबाबांनी त्याला तीनदा विचारलं होतं, शेवटी ट्रूडीनंच सांगितलं, "हो म्हणालाय, पुढे चला."

पण त्या कुजबुजीवर मी जगले आहे. एका प्रयोगात विधवेच्या मोठ्या भाषणात माझं डोकं कोरं झालं. समोर दोनशे माणसं. तेवढ्यात विंगेतून एकच शब्द आला, पिसासारखा. मला ऐकू आला. पहिल्या रांगेला नाही. भाषण झालं तेव्हा लोक रडत होते आणि अर्विन शांतपणे दोरी ओढत होता. अशा माणसाला मी नाही कशी म्हणणार?

दुसऱ्या दिवसापासून तालमी सुरू झाल्या. अर्विनला नाटकाची एकच पद्धत ठाऊक होती, आणि ती त्यानं नदीला लावली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं खडूनं प्रत्येक वस्तूची जागा आखली: रीळ, चिमटा, मोजे, सँडविच. सँडविच तीन दिवस त्याच चौकोनात होतं. खायला हात गेला की अर्विन मनगट धरी. एका लांबट आकृतीत केळं होतं. ट्रूडीनं ते उचलून थेट खिडकीबाहेर भिरकावलं.

"नदीवर केळं नेत नाहीत. मासे फिरकत नाहीत."

अर्विननं वाद घातला नाही. रंगमंचामागे शिट्टी वाजवणं अपशकुनी, हे ज्याला पटतं, त्याला केळंही पटतं. खडूची आकृती मात्र त्यानं पुसली नाही. "जागा रिकामी आहे, हे लक्षात राहायला हवं," म्हणाला.

भिंतीवर नाटकात असते तशी संकेतांची यादी लागली. संकेत एक: सूर्य उगवतो. संकेत दोन: पट्टा धरणे. संकेत तीन: ट्रूडी माशी टाकते. ही माशी म्हणजे गळाला बांधलेला नारिंगी लोकरीचा गोळा, माशाच्या अंड्यासारखा. संकेत चार: मासा येतो.

ट्रूडीनं चष्मा लावून वाचलं. "माशाला कळवलंयस का?"

"तू टिंगल करू नकोस गं."

"टिंगल नाही. त्याला सोयीची वेळ विचारून घे, एवढंच म्हणतेय."

ती हसत होती. पाटी लावल्यापासून पहिल्यांदाच. पण त्याच संध्याकाळी नारिंगी लोकर कुठून आली याचा शोध लागला. बर्निसनं जाताना विणून दिलेल्या शालीचा एक कोपरा गायब होता.

"चाळीस माश्या झाल्या," अर्विन म्हणाला. "रंग अगदी हुबेहूब अंड्याचा."

ट्रूडीनं शालीचा उसवलेला कोपरा बोटांत धरून पाहिला. मग म्हणाली, "बर्निस येत नाही ती नाहीच, निदान लोकर तरी येईल."

रंगीत तालमीला मासा हवा होता. लेओना कोस्की पुढे आली. तीस वर्षं टपाल कचेरी सांभाळलेली बाई. कुठलंच काम अर्धवट करत नाही. तिनं दोरी कमरेला बांधली आणि हिरवळीच्या कडेला उभी राहून मला विचारलं, "विल्मा, मी डावीकडे का वळते?"

"वळायचं गं. मासा आहेस तू."

"पण मनात काय चाललंय माझ्या?"

मी सव्वीस वर्षं दिग्दर्शकांना हेच विचारलं होतं, तेव्हा उत्तर देणं भागच होतं. "तुला अंडं वाटलं होतं, आणि ती लोकर निघाली. तू अपमानित आहेस."

लेओना अशी सुटली म्हणता! डेलियाचा वाफा, धुण्याची दोरी, पाद्रीबाबांची सायकल. रीळ किंचाळत होतं. ट्रूडी खुर्चीवर बसल्याबसल्या काठी वाकवत होती. तिची दातखीळ बसली, चक्क लेओनासाठी. अर्विन दोन्ही हातांनी तिचा पट्टा धरून उभा. कुंपणापलीकडे शेजारी खुर्च्या टाकून बसले होते.

"आता!" मी म्हटलं. "पोटातून! छाती भरून!"

अर्विननं छाती भरली, तोंड उघडलं. "मासा लागला," तो कुजबुजला.

प्रेक्षकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. नऊ तालमी झाल्या. नवव्या दिवशी लेओना जमिनीवर पडून शेपटी आपटायलाही शिकली. अर्विनचा आवाज कुंपणापर्यंत पोहोचला नाही.

शनिवारी आम्ही नदीवर गेलो. मी काठावर, थर्मास घेऊन. पाण्यात तीसेक माणसं, धुक्यातून नुसत्या टोप्या दिसत होत्या. अर्विन पाण्यात उतरला तेव्हा त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"डोळे उघड," ट्रूडी म्हणाली.

"पट्टा धरायला डोळे लागत नाहीत."

"मला धरायला लागतात. उघड."

त्यानं उघडले. पाणी त्याच्या मांड्यांवरून वाहत होतं. तो पांढराफटक पडला, पण पट्टा सोडला नाही. ट्रूडीनं माशी टाकली. चाळीस वर्षांच्या सवयीचा तो हात, नव्या खुब्यावर तोललेला. मला विंगेतून बघतेय असंच वाटलं.

आठ वाजून गेले आणि काठी वाकली. संकेत चार. चंदेरी धूड पाण्याबाहेर उडालं. ट्रूडीची दातखीळ बसली. अर्विननं छाती भरली.

"मासा लागला."

मला काठावर ऐकू आलं. मला ते नेहमीच ऐकू येतं. नदीवर दुसऱ्या कुणालाही नाही.

स्टीलहेड खाली सुटला. पहिल्या दोरीतून, तिसऱ्या दोरीतून, अकराव्यातून. अकरा माणसं एकमेकांकडे ओढली गेली. एकाच्या गळानं दुसऱ्याची टोपी पळवली. कुणीतरी बदकालाही शिवी दिली. मग ट्रूडीची दोरी सैल पडली. मासा गेला होता.

"ए आजोबा!" लाल टोपीवाला ओरडला. "बाहेर व्हा! नदी आहे ही, नाटक नाही!"

"घरी न्या हो त्यांना!" दुसरा.

ट्रूडीचा जबडा आता सुटला होता. तिनं दोरी गुंडाळायला घेतली, अगदी शांतपणे. "चल अर्विन," ती म्हणाली. "तू आलास, पुष्कळ झालं. पाटी परत लावू." आणि ती काठाकडे वळली.

पण तिला पाऊल टाकता येईना. अर्विननं पट्टा सोडलाच नव्हता.

तो त्या अकरा गुंतलेल्या माणसांकडे बघत होता. हे दृश्य त्याच्या ओळखीचं होतं: पहिल्या तालमीत सगळे एकमेकांच्या अंगावर पडलेले, कुणाची जागा कुणाला ठाऊक नाही, आणि कुणीतरी घरी जायला निघालेलं. त्यानं छाती भरली, पोटापासून, मी शिकवलं होतं तशी. आणि एकतीस उन्हाळ्यांत न वापरलेला आवाज एकदम बाहेर आला. काठावरची बदकं उडाली. माझ्या हातातलं थर्मासचं झाकण पडलं. लाल टोपीवाल्यानं ताठ उभं राहून टोपी सरळ केली.

"कुणीही घरी जायचं नाही! दोऱ्या सोडवा, आपापल्या जागा घ्या! पुन्हा पहिल्यापासून!"