चांदणी दिसेपर्यंत

आमच्या गावचा थर्स्टन शिलेदार खरा, पण त्याच्याकडे घोडा नव्हता. घोडा दोन हिवाळ्यांपूर्वी पोट फुगून मेला होता. चिलखत गंजलेलं, वय साठीपुढचं. विधवेला मदत नाकारणार नाही, खोटं बोलणार नाही, अशी शपथ त्यानं तरुणपणी घेतली होती. तरुणपणी सगळेच शिलेदार घेतात. हा विसरला नाही, एवढंच.

हॉइज या विधवेच्या पाणचक्कीवर गढीच्या कारभाऱ्यानं दावा ठोकला. साक्षीदार दोन्हीकडे सारखे, म्हणून निवाडा लढतीनं व्हायचा होता. कारभाऱ्यानं ब्रँड नावाचा भाडोत्री मल्ल आणला, मान बैलाची. हॉइजसाठी थर्स्टन उभा राहिला. ती म्हणाली, तुमची हाडं गोळा कोण करणार? तो म्हणाला, मला जिंकायचंच नाहीये, नुसतं टिकायचंय. आमचा रिवाजच तसा: जिच्या ताब्यात चक्की, तिच्या माणसानं पहिली चांदणी दिसेपर्यंत हार कबूल केली नाही, की दावा बाद.

सकाळी सोटे उचलले. दुपारी थर्स्टनची ढाल फुटली, मग डावा हात लोंबायला लागला. दोनदा पडला, दोनदा उठला. तो जेवणवेळेपर्यंतच टिकेल, अशी मी स्वतः पैज लावली होती. एक सुरई बियर गेली.

सूर्य बुडाला आणि नेमकं आभाळ भरून आलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "दिसली!" मग आम्ही सगळेच ओरडलो. पाद्रीबाबांनीसुद्धा मान डोलावली. पंचांनी थर्स्टनला विचारलं. त्यानं डोळ्यावरचं रक्त पुसून वर पाहिलं.

"मला नाही दिसली," तो म्हणाला आणि सोटा उचलला.

"अहो, एकदा तरी खोटं बोला," हॉइज कळवळून म्हणाली.

ब्रँडनं आणखी सहा-सात हाणले. थर्स्टन कुंपणाला टेकला, डोळे सुजून मिटले, पण हार कबूल करेना. तेवढ्यात ढग जरासे फाटले. ब्रँडचं तोंड तिकडेच होतं. पुढच्या घावात म्हातारा आडवा झाला असता. पण ब्रँडनं सोटा खाली केला.

"म्हातारबा, आली बघा चांदणी."

"शपथ?"

"आईची."

तेव्हा कुठे थर्स्टन खाली बसला. अख्खं गाव ओरडलं तेव्हा नाही बसला. चक्की हॉइजकडेच राहिली, पण ही गोष्ट आमच्या मनाला अजून लागून राहिली आहे.