अंबादासची खार

अंबादास गेला त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्याला बघायला दवाखान्यात गेलो होतो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आणि छाती नुसती वरखाली. चाळीस वर्षं कारखान्यात सुताची धूळ ओढली होती, ती सगळी शेवटच्या आठ दिवसांत वर आली. डोळे मिटलेले होते. मी हाक मारली, "अंबादास, मी भीमराव." त्यानं डोळे उघडले, माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं मास्क बाजूला सारून दोनच शब्द बोलला. "उडतकु... पेट्टु." अंबादासच्या घरात तेलुगू. माझ्याशी मात्र तो जन्मभर मराठीत बोलला. पण त्या आठ दिवसांत त्याची मराठी गळत चालली होती, एक शब्द मराठी तर एक तेलुगू असं चालायचं. मला कळलं. पेट्टु म्हणजे घाल. कु म्हणजे ला. उडत्याला घाल, म्हणजे पाखरांना दाणे घाल. मी म्हणालो, "घालतो. तू त्याचा घोर लावून घेऊ नको." मास्क परत तोंडावर आला होता, त्यामुळं हसला की नाही ते दिसलं नाही. मनगट मात्र सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मुलीचा, पद्माचा, फोन आला...

याला आता दोन महिने होत आले. मी चौथी शिकलेला माणूस, पेपरात लिहायचा माझा वकूब नाही. पण अंबादासच्या दहाव्याला मी चार माणसांत उभा राहून एक गोष्ट छाती काढून बोललो, आणि ती चुकीची निघाली. चार माणसांत बोललेलं घरात बसून मागं घेता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. काना-मात्रा सुनेनं बघितलाय, बाकी शब्द माझे.

मी मूळचा माळशिरसकडचा. अठरा वर्षांचा असताना सोलापुरात आलो आणि चादरीच्या कारखान्यात लागलो. अंबादास तिथं लूमवर होता. मी पुढं जॉबर झालो, म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा. त्याचा धोटा अडकला की तो बसल्या जागेवरून ओरडायचा, "ए जॉबर, ये की बे!" कारखाना बंद पडला तरी तो मला जॉबरच म्हणायचा. भर लग्नात, पाहुण्यांसमोर. मला त्याचा राग यायचा आणि खोटं कशाला सांगू, बरंही वाटायचं. विणकरांच्या सोसायटीत आमची घरं शेजारी शेजारी. मागच्या दोन अंगणांमधली भिंत एका पावसात पडली, ती आम्ही परत बांधलीच नाही. माझ्या बाजूला लिंबाचं झाड, त्याच्या बाजूला शहाबादी फरशीचा कट्टा. तिथं बसून तो सकाळचा चहा घ्यायचा आणि मी काय चुका करतोय ते बघायचा.

पाखरांना दाणे घालायची सवय माझ्या बायकोची. ती सहा वर्षांपूर्वी गेली, पण चिमण्यांना कुठं माहीत? सकाळ झाली की दाराशी येऊन चिवचिवायच्या. मग मी लिंबापासून अंबादासच्या बाजूच्या लोखंडी खांबापर्यंत तार ओढली, तारेच्या मधोमध पत्र्याचं ताट टांगलं आणि रोज मूठभर ज्वारी, थोडी बाजरी, कधी शेंगदाणे घालायला लागलो. चिमण्या आल्या, होले आले, साळुंक्या आल्या. आणि चौथ्या दिवशी खारी आल्या. तुम्ही खारीला ताटात बसलेली बघितली आहे का? ती चोच मारून उडत नाही. ताटात मांड ठोकून बसते, गाल भरते, जाऊन येते, परत भरते. अर्ध्या तासात ताट साफ. चिमण्या लिंबावर बसून नुसत्या बघायच्या. मला ते बघवेना. माझ्या बायकोचा तो घास, आणि हिनं सगळा उचलावा?

पहिल्यांदा मी तारेला ग्रीस लावलं. खार घसरली, लोंबकळली, खाली पडली. मी खूश. दुसऱ्या दिवशी बघतो तर तार पुसलेली, आणि अंबादासच्या धोतराला काळे डाग. मी विचारलं तर म्हणाला, "तिच्या पायाला चिकटतंय बे. ती पाय चाटती, पोटात जातंय." मग मला कुणी तरी सांगितलं की पाखरांना तिखट लागत नाही, खारीला लागतं. मी दाण्यांत लाल तिखट कालवलं. दोन दिवस खारी शिंकून पळाल्या, तिसऱ्या दिवशी तेच शेंगदाणे आवडीनं खायला लागल्या. अंबादास कट्ट्यावर खोकून खोकून हसला. "अरे जॉबर, सोलापूरची खार हाय ती! तू तिला शेंगाचटणी करून घातलीस. आता भाकरी पण घाल!"

त्या दिवशी मात्र मी इरेला पेटलो. कारखान्यातल्या जुन्या लाकडी कांड्या, ज्यांवर सूत भरतात त्या, अंबादासच्या माळ्यावर पोतंभर पडल्या होत्या. कांडी मधून पोकळ असते. मी त्या ताटाच्या दोन्ही बाजूंनी तारेत ओवल्या. खारीनं पाय ठेवला की कांडी गर्रकन फिरणार आणि खार खाली. जॉबरचं डोकं होतं ते, मी अजून म्हणतो. लिंबाच्या बाजूनं एक पण खार परत आली नाही. पण खांबाच्या बाजूनं एक यायची. शेपटीचा शेंडा तुटलेली, आम्ही तिला बांडी म्हणायचो. ती त्या फिरत्या कांड्यांवरून कशी येते मला कळेना. मी खांब हलवला, खालूनच कांड्यांवर तेल सोडलं, तरी बांडी ताटात हजर. अंबादास म्हणायचा, "सर्कशीतली दिसती बे."

यावरून आमची रोज वाजायची. मी म्हणायचो, "हे उडत्याचं हाय, पळत्याचं न्हाय. पंख असंल त्यानं खावं." तो म्हणायचा, "पाखरं येतात, खातात, जातात. ही माझ्याकडं बघून खाती." एकदा मी चिडून विचारलं, "तुझं आणि तिचं काय लागतं रे एवढं?" तेव्हा तो हसला नाही. स्वतःचे दोन्ही हात पुढं धरून बघत बसला, बोटांच्या पेरांवर सुताच्या धाग्यानं कापून कापून चरे पडलेले. मग म्हणाला, "ती दोन हातांनी धरून खाती बे. हात असणाऱ्याला ताटावरनं कसा उठवू?" मी म्हणालो, "माकडाला पण हात असतात." त्यानं चहा अर्धा टाकला आणि आत गेला. चार दिवस बोलला नाही...

तर असा तो दवाखान्यात मला उडत्याला घाल म्हणाला. माझेच शब्द. सहा वर्षांचं भांडण त्यानं शेवटच्या दिवशी मिटवलं, असंच मी समजलो. दहाव्याला त्याची माणसं जमली, कुणी म्हणालं भीमरावांनी दोन शब्द बोलावेत. मी उठलो आणि सगळं सांगितलं. ग्रीस, तिखट, कांड्या. लोक रडता रडता हसले. आणि शेवटी म्हणालो, "अंबादासनं जन्मभर माझं ऐकलं न्हाय. पण जाताना ऐकलं. मला म्हणाला, उडत्याला घाल." मी हे मराठीत बोललो. त्याचे शब्द जसेच्या तसे बोललो असतो तर तिथं बसलेल्या कुणीही मला थांबवलं असतं.

शब्द दिला होता म्हणून चार दिवसांनी मी तार नीट करायला स्टुलावर चढलो. खांबाकडच्या कांड्यांना हात लावला तर त्या फिरेनात. सात कांड्या, साती घट्ट. एक काढून बघितली. आतून सूत भरलेलं, तारेभोवती बारीक बारीक वेढे घालून, वर विणकराची गाठ. ती गाठ इतकी सपाट बसते की खालून दिसत नाही, आणि खांबाकडच्या कांड्या मी कधी हातानं फिरवून बघितल्याच नव्हत्या, म्हणून सहा वर्षं मला कळलं नाही. मी स्टुलावरच हसलो. म्हटलं, वा रे सर्कशीतली! तरी पण शेवटी ऐकलंस की माझं. मग मी कानस आणि ब्लेड घेऊन ते सगळं सूत कापून काढलं. प्रत्येक कांडीला तेल दिलं, बोटानं फिरवून बघितली. दुसऱ्या दिवशी बांडी आली. नेहमीसारखी भरधाव. पहिलीच कांडी फिरली आणि ती फरशीवर आपटली. उठली, परत चढली, परत पडली. तिसऱ्यांदा पडल्यावर थोडा वेळ तशीच पोटावर बसून राहिली आणि मग भिंतीवरून गेली. मी मोठ्यानं म्हणालो, "बघितलंस का अंबादास?" पुढं ती आली नाही.

महिन्याच्या कार्याला पद्मा माहेरी आली. दुपारी मला चहाला बोलावलं. वहिनी, म्हणजे अंबादासची बायको, आत स्वयंपाकघरात होत्या. पद्मा म्हणाली, "काका, तुम्ही दहाव्याला सांगितलंत ते मराठीत सांगितलंत. मला नान्नांचे शब्द हवेत. ते बोलले तसेच."

मी सांगितलं. आवाज पण त्याच्यासारखा काढला. "उडतकु... पेट्टु."

तिनं कप खाली ठेवला. "उडत म्हणाले?"

"व्हय. उडतं. पाखरं."

"काका... उडत म्हणजे खार."

"मला तेलुगू शिकवतीस व्हय? तू जन्मायच्या आधीपासनं मी तुमच्या माणसांत हाय."

"मग पाखराला काय म्हणतात, सांगा."

मला आठवेना. धागा सांगता आला असता, धोटा सांगता आला असता, शिव्या तर सगळ्या. ती हळूच म्हणाली, "पिट्ट. पाखराला पिट्ट म्हणतात काका. लूमवर कधी खार आली होती का? तो शब्द तुमच्या कानावर पडणार कधी?" मी तरी म्हणालो, अंबादास अर्धं मराठी बोलत होता, त्याला उडतंच म्हणायचं होतं. तेवढ्यात वहिनी ओल्या हातानं दारात आल्या. "भावजी, तीच ती. शेंगा खाणारी. मला पण दोनदा बोलले, उडतकु कोण घालंल म्हणून. तुमच्याशी बोलणं झाल्यावर शांत झाले. मला म्हणाले, जॉबर घालतो म्हणाला. म्हणून मी तिकडं बघितलं पण नाही."

चहा तसाच राहिला. मी घरी आलो. दोन दिवस मागचं दार उघडलं नाही. मनात अजून भांडत होतो, की मेलेल्या माणसाच्या मनातलं या दोघींना काय माहीत. पण तो माझं मनगट धरून जे मागत होता, त्याला मी "घालतो" म्हणालो होतो, आणि त्या भरवशावर तो सुटला होता. आणि मी काय केलं, तर ब्लेड घेऊन त्याच्या गाठी कापल्या.

तिसऱ्या दिवशी वहिनींकडं सूत मागितलं. त्यांनी काही न विचारता त्याच्या पिशवीतलं लाल सूत काढून दिलं. सात कांड्या भरायला मला पूर्ण सकाळ लागली. माझी बोटं पान्याची, सुताची नव्हेत. त्याची गाठ सपाट बसायची, माझी टेंगळासारखी वर येते. पण कांडी हलत नाही. प्रत्येक कांडीला मी जोर लावून बघितलंय, एक पण हलत नाही.

रोज सकाळी ताटात शेंगदाणे घालतो आणि कट्ट्यावर बसतो, तो बसायचा त्या जागेवर. तिथं बसलं की खांब समोरच दिसतो, माझ्या बाजूनं दिसत नव्हता. पहिले आठ दिवस कुणी आलं नाही. मग एका सकाळी बांडी आली. खांबावरून तारेवर उतरली, पहिल्या कांडीपाशी थांबली, एक पाय पुढं टाकला, कांडीवर ठेवला न ठेवला आणि मागं घेतला. आता रोज येते, पण तिथपर्यंतच. मी तिला सांगतो, "ये की ग, फिरत नाही आता." मग जेवढी तेलुगू येते तेवढ्या तेलुगूत सांगतो, "उडत, रा." रा म्हणजे ये. ती माझ्याकडं बघते, कांडी हुंगते, आणि वळून भिंतीकडं जाते. थोड्या वेळानं साळुंक्या येतात आणि सगळे शेंगदाणे खाऊन जातात.