पहिल्या पाळीचा शर्ट

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी चहा टाकायला उठते. घाबरून नाही, कंटाळून. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. या सदरातले अनुभवसुद्धा आजवर "हवेतला ओलावा असेल", "झोपेची गुंगी असेल" असं मनात म्हणतच वाचत आले. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहिणार आहे. कारण सगळे तपास करून झाले आणि हाती काही लागलं नाही.

आम्ही लोअर परळला राहतो. एका बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवर टॉवर उभे राहिले, त्यातल्या एकात. घरात मी आणि माझा नवरा नितीन, बस्स.

मला जुन्या कपड्यांचं वेड आहे. जुने म्हणजे विटलेले नव्हेत — चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नीट शिवलेले आणि अजून टिकलेले. माझं माहेर गिरगावातलं. तिथे आमच्या गल्लीत शांतामावशी येते, जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण. माझी आवड तिला ठाऊक असल्यामुळे काही खास हाती लागलं की ती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवते. हा शर्ट तिच्याकडूनच आला.

पांढऱ्या पॉपलीनचा, लांब बाह्यांचा पुरुषी शर्ट. हातात घेतला आणि मी तिथेच पायरीवर बसले. कापड थंड, वजनदार, उजेडाकडे धरलं तर वीण कुठे विरळ नाही. उलटा करून पाहिला तर आत एकही कच्ची कड नाही, सगळ्या शिवणी दुमडून दोनदा मारलेल्या. काजं हाताने केलेली, टाके इतके जवळजवळ की बोट फिरवलं तर दोरीसारखा काठ लागायचा. कॉलर अजून ताठ. आणि सगळ्यात नवल म्हणजे हा शर्ट कधी कुणी घातलेलाच नव्हता. कॉलरला आत डाग नाही, बटणं काजातून सहज जातसुद्धा नव्हती. नुसती घडीवर पिवळी रेघ पडलेली.

घरी आणून धुतला, इस्त्री केली, हँगरला लावून माझ्या कपाटात ठेवला. कुलूप लावलं, कारण त्यात माझे बाकीचे जुने कपडेही असतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजातून आले, कपाट उघडलं आणि शर्टाच्या खांद्यांवर कापूस दिसला. बारीक, भुरभुरीत तंतू, पिंजाऱ्याच्या अंगावर असतात तसे. काखेत दमटपणा. पाठीवर आडव्या चुण्या. आणि उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली. फक्त उजवी.

नितीनला विचारलं. तो म्हणाला, त्याने कपाटाला हातही लावलेला नाही. कापूस जुन्या कापडातूनच निघाला असेल असं त्याचं मत. तेव्हा मलाही ते पटलं. पुन्हा धुतला, ब्रशने झटकला, आत लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग मी हट्टाला पेटले. आधी शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद केला — पिशवी जशीच्या तशी, आत कापूस. ते तंतू आमच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली पाहिले. कच्चा कापूस, कातलेलासुद्धा नाही. म्हणजे शर्टातून निघणं शक्य नव्हतं. घरात उशा-गाद्या सगळ्या फोमच्या. कपाटातल्या इतर कपड्यांवर एक तंतू नाही. एक गोष्ट मात्र लक्षात आली : रविवारी काहीच व्हायचं नाही. रविवारी शर्ट जसा लावला तसाच असायचा.

एके दिवशी रजा काढली आणि सकाळपासून कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. किल्ली मुठीत. आवाज नाही, हालचाल नाही. अधूनमधून कुलूप काढून बघत होते. दुपारी बारापर्यंत शर्ट कोरा. नंतर तीनच्या सुमाराला उघडलं तर कापूस, घाम, दुमडलेली बाही... सगळं. मी समोर बसलेली असताना.

त्या दिवशी नितीन पहिल्यांदा घाबरला. शर्ट समुद्रात सोडून दे म्हणाला. मी नाही म्हटलं. एवढ्या निगुतीने शिवलेली वस्तू कुणाची आहे हे कळल्याशिवाय ती घराबाहेर जाणार नाही, असं त्याला सांगून टाकलं.

शांतामावशीला गाठलं. तिला चाळ पक्की आठवत होती, करी रोडची, पाडायला निघालेली. रिकाम्या होणाऱ्या खोलीतून एका पन्नाशीच्या माणसाने गाठोडं दिलं होतं. चाळीखालच्या वाण्याने ओळख पटवली : ती खोली सुमनकाकींची, त्या आता मुलाकडे डोंबिवलीला असतात. त्याने फोन लावून दिला. मी एवढंच सांगितलं की तुमचा एक शर्ट माझ्याकडे आलाय. मग त्या म्हणाल्या, "घेऊन ये."

सुमनकाकी ऐंशीच्या पुढच्या, मालवणकडच्या. मुलगा ऑफिसला गेला होता. शर्ट मांडीवर घेऊन त्यांनी एकेका काजावरून अंगठा फिरवला. शर्ट त्यांनीच शिवला होता. त्यांचे यजमान साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. कापड त्यांच्याच मागावरचं, संपाच्या थोडं आधी गिरणीच्या दुकानातून आणलेलं. ब्याऐंशीचा संप सुरू झाला आणि काकींनी मशीनवर लोकांची पोलकी शिवून घर चालवलं. त्यातच वेळ काढून हा शर्ट शिवला.

"संप मिटल्यावर पयल्या पाळयेक ह्योच घालतलंय, असां म्हणत," काकी म्हणाल्या. "एकदाव अंगात घालूक नाय तेंनी."

संप मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही. यजमानांनी पुढे भाजी विकली, पण दुसऱ्या कुठल्या गिरणीत पाऊल टाकलं नाही. मुलाच्या लग्नातसुद्धा काकींनी शर्ट पुढे केला, तर त्यांनी तो परत पेटीत ठेवला. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाठोड्यात शर्ट गेल्याचं मुलाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी ठरवून गेले होते की त्यांना कापसाचं सांगायचं नाही. म्हाताऱ्या बाईच्या मनाला कशाला घोर लावा. पण त्या शर्ट ज्या तऱ्हेने धरून बसल्या होत्या, ते पाहून लपवणं मला जमेना. सगळं सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत की रडल्या नाहीत. फक्त विचारलं, "बाही खयची दुमडलेली आसता?"

"उजवी."

त्यांनी मान हलवली. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, घालायचा हात उजवा, मागात बाही अडकू नये म्हणून ते तेवढीच दुमडायचे. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगणार कोण?

शर्ट त्यांच्याकडे ठेवून मी परतले. मन जड झालं होतं, खोटं कशाला बोलू. तसा शर्ट मला पुन्हा मिळणार नव्हता. पण ज्याचं त्याला पोचलं होतं.

महिनाभराने काकींचा फोन आला, येऊन जा म्हणून. गेले तर शर्ट खिडकीपाशी खुंटीला टांगलेला, कडक इस्त्रीचा. रोज सकाळी त्या तो बाहेर काढून ठेवायच्या आणि दुपारी बघायच्या. काही नाही. कापसाचा कण नाही. मला वाटलं, मी खोटं बोलले असं त्या म्हणणार. त्यांनी शर्टाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"हयसून तेंका लांब पडता, बाय. तुज्याकडसून जवळ."

ज्या गिरणीच्या जागेवर मी राहते, त्याच गिरणीत काकींचे यजमान कामाला होते. पहिल्या भेटीत मी पत्ता सांगितला तेव्हाच काकींनी ओळखलं होतं. तरी महिनाभर वाट पाहिली.

तेव्हापासून शर्ट माझ्याकडे आहे. मी तो रोज धुते, सकाळी लावते. नितीन आता काही बोलत नाही, इस्त्री मात्र तोच करतो. काकींना आठवड्यातून एकदा फोन करते. त्या एवढंच विचारतात, "जातत मा?" मी "हो, जातात" म्हणते.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ओलावा, स्थिर वीज, झोपेत चालणं, सगळं तपासून झालंय. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा, मी तेही तपासीन.

गेल्या शनिवारी शर्ट आला तो खालून तिसऱ्या बटणाशिवाय. दोरा ताणून तुटलेला. कपाट रिकामं केलं, फळ्या काढल्या, पूर्ण घर झाडलं. बटण इथे नव्हतंच. ते जिथे पडलं तिथे वाकून शोधायला मला जाता येणार नाही. मग रविवारी माझ्या डब्यातलं तसंच शिंपल्याचं बटण काढलं आणि पक्क्या दोऱ्याने लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता.