बर्मिंगहॅममधला वन्स मोअर

ऑफिसातला माझा रशियन मित्र दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा आणि घरी गेला की गिटार घेऊन बसायचा. कॉलेजात असताना त्यानंच तिकडे रशियात एक टेक्निकल डेथ मेटल बँड काढला होता. दोन अल्बम झाले, मग तो नोकरीसाठी इकडे इंग्लंडात, ब्रॅकनेलला आला. बँडनं त्याच्या जागी एक नवा गिटारवाला घेतला. आता तेच लोक पहिल्यांदा इंग्लंडच्या दौऱ्यावर येत होते. त्यांनी याला कळवलं, "बर्मिंगहॅमला ये, नव्याला ऐक आणि तूच सांग. तू परत येतोस, की यालाच ठेवायचं?"

परत जायला तो एका पायावर तयार होता. घरमालकाला नोटीससुद्धा देऊन बसला होता.

शनिवारी त्यानं मला ट्रेनमधून ओढून नेलं. खरं सांगतो, त्या संगीताचा मला रागच होता. ते गुरगुरणं काय, किंचाळणं काय! बायको म्हणाली, "अहो, कानात कापूस घालून जा."

पबच्या वरच्या मजल्यावर शो होता. सगळे काळ्या टी-शर्टात आणि मी आपला इस्त्रीच्या चौकड्याच्या शर्टात. सुरुवातीला नुसता गोंगाट. पण लहानपणी तबला शिकलेला माणूस मी, हात काही गप्प बसेना. मांडीवर मात्रा मोजायला लागलो. सात, मग पाच, परत सात, आणि ड्रमवाला त्यातून सुसाट पळतोय! दरवेळी माझी सम चुकायची. अरे, हा काय प्रकार आहे! माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

आणि मग एका जागी त्या नव्यानं गिटारवर अशी काही तान घेतली, की सगळे सगळीकडून धावत येऊन बरोब्बर समेवर थांबले. माझ्या तोंडून निघून गेलं, "वन्स मोअर!"

हे पुण्यातल्या नाट्यगृहात शोभतं हो. इथं लोक वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गायकाला गंमत वाटली असावी. त्यानं हसून बाकीच्यांना खूण केली आणि त्यांनी तो तुकडा पुन्हा वाजवला. तस्साच, केसभरही इकडेतिकडे नाही. माणसाच्या बोटांना हे जमतं, यावर माझा विश्वास बसेना.

मित्राकडे बघितलं तर त्याचा चेहरा पडलेला.

"काय रे, चुकला का तो?"

"नाही. ही जागा माझी आहे, मी लिहिलेली. ती कायम अडखळायची, आणि का ते मला कधी कळलंच नाही. यानं एक मात्रा काढून टाकली."

शो संपल्यावर तो स्टेजमागे गेला, त्याच्या मागून मी. तो रशियनमध्ये दोनच वाक्यं बोलला. नव्यानं त्याला घट्ट मिठी मारली. बाकीचे खाली बघत उभे राहिले. मला काही थांगपत्ता लागेना.

बाहेर आल्याबरोबर मी त्याला धरलं. "काय सांगितलंस त्यांना?"

"यालाच ठेवा म्हणालो."

"अरे वेड्या, आणि तू?"

"मी पुढच्या वेळी तिकीट काढून येईन," तो म्हणाला, आणि भर रस्त्यात रडायला लागला.