एक वर्ष रेषेबाहेर

मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, यांच्या पायाला भिंगरी आहे. बहरीनच्या मीना सलमान बंदरात आमच्या वर्कशॉपमध्ये थंड कंटेनरची मशिनं दुरुस्त करायची असतात, तिथे हा स्वभाव खपून जातो. एका कंटेनरवरून उतरायचं, दुसऱ्यावर चढायचं, दिवस कसा गेला कळत नाही. पण कुणाच्या ऑफिसात खुर्चीवर बसून, समोरच्यानं फाईल उघडायची वाट बघायची म्हटलं की माझ्या जिवावर येतं. त्या थंडीत मी अशा खुर्च्यांवर जन्माचं बसून घेतलं.

सगळं चाललं होतं मुलीच्या फुटबॉलसाठी. ती तेव्हा अकरावीत होती आणि गोलकीपर होती. हा गुण तिला कुठून आला म्हणाल, तर माझ्या विसरभोळेपणातून आला असं मी मानतो. आम्ही मनामात, सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नव्हती. मी खाली उतरायचो आणि गाडीची किल्ली वर राहिलेली असायची. मग ती खिडकीतून किल्ली टाकायची. कधी मी चुकून घराची किल्ली घेऊन निघालेलो असायचो, ती खालून वर भिरकावायचो. अख्खा जुडगा, नेम कसाही असो, ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकून झेलायची. सहा-सात वर्षांत एकदाही तिच्या हातून किल्ली पडली नाही. माझ्या हातून पडली ती मोजत नाही.

तिच्या जुन्या शाळेत मुलींचा फुटबॉल संघच नव्हता. चौदाव्या वर्षापर्यंत सरांनी तिला मुलांच्या सरावात गोलात उभं राहू दिलं, मग तेही बंद झालं. हातमोजे कपाटात वरच्या फळीवर गेले आणि घरात तिचं दार लावणं वाढलं. रिफातल्या एका शाळेत मुलींचा संघ आहे, आणि तो इतर शाळांशी सामने खेळतो, हे मला कळलं त्याच महिन्यात मी रिफात घर बघितलं.

कारण विचारलं तर सगळ्यांना सांगायचो, बायकोचं क्लिनिक रिफात आहे, तिला जवळ पडेल. क्लिनिक रिफातच आहे, खोटं नव्हतं ते. फक्त बायको सहा वर्षं मनामाहून व्हॅननं तिथे जात होती आणि तिची काही तक्रार नव्हती. माझी नोकरी मात्र आता लांब पडायला लागली, त्याचं कुणी विचारलं नाही. मुलीलाही मी खरं कारण सांगितलं नाही. पोरांच्या डोक्यावर उपकाराचं गाठोडं ठेवू नये असं माझं मत आहे. शिवाय दोन महिन्यांत तिनं खेळ सोडला असता तर मीच तोंडघशी पडलो असतो.

शाळा सुरू झाली, सरावही सुरू झाला. हातमोजे खाली आले. सामने जवळ आले तसं संघाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. बाई केरळच्या, माझ्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांनी नियम समजावून सांगितला. शाळा बदलून आलेल्या खेळाडूनं पहिलं एक वर्ष सामन्यात उतरायचं नाही. सराव करावा, संघाबरोबर फिरावं, पण मैदानाच्या रेषेच्या आत पाऊल नको. चांगले खेळाडू शाळांनी एकमेकांचे पळवू नयेत म्हणून हा नियम. सूट एकच: सगळं कुटुंब खरोखर दुसरीकडे राहायला गेलं असेल आणि शाळा खेळासाठी बदललेली नसेल, तर लगेच खेळता येतं. ते शाळांची समिती ठरवते.

"आपका तो घर शिफ्ट हुआ है, प्रॉब्लेम नहीं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आमची ओळखपत्राची कार्डं बघितली. "भाईसाब, यहाँ तो मनामा का ॲड्रेस है."

होताच. आणि एक वर्ष थांबणं म्हणजे तिच्यासाठी खेळ संपणंच होतं, कारण पुढच्या वर्षी बारावी, आणि बारावीच्या मुलींना ती शाळा संघात घेत नाही. खेळायचं तर याच थंडीत.

मनामाचा पत्ता का राहिला, ते सांगायला हवं, कारण ही चूक आमच्याच लोकांना सुचेल. ते दुसऱ्या मजल्यावरचं घर नुसतं आमचं नव्हतं. आमच्या तालुक्यातला कुणीही बहरीनला आला की विमानतळावरून आधी तिथे यायचा. माझ्या आधी तिथे माझा चुलता होता, त्याच्या आधी त्याचा दोस्त. असं घर सोडताना मालकाला परत द्यायचं नसतं, आपल्या माणसाला द्यायचं असतं. मी ते शेजारच्या गावच्या एका पोराला दिलं. पोरगा टाइल्स बसवण्याचं काम करतो, हात सोन्यासारखा आहे, आणि नुकतंच लग्न करून बायकोला आणलेलं. करार माझ्याच नावावर ठेवला, विजेचं मीटर माझ्याच नावावर, कार्डावरचा पत्ताही तोच. नाव बदललं की मालक नव्यानं बोलणी करतो, जुन्या भाड्यात ते घर पुन्हा कुणाला मिळत नाही. रिफातल्या घराची वीज भाड्यातच होती, मीटर मालकाचं. म्हणजे कागद बघितले तर आम्ही मनामातून हललोच नव्हतो.

रिफाचा मालक खालच्या मजल्यावर राहतो. म्हातारा भला माणूस, पण कागद मागितला की "इंशाल्ला, बुकरा" म्हणायचा. त्याचा हा उद्या उगवायला तीन आठवडे लागले. रोज कामावरून सुटलो की त्याच्या दारात उभा, तिथून शाळेत, शाळेतून समितीच्या ऑफिसात. रात्री जेवताना मी उठून पंखा बंद करायचो, परत चालू करायचो. बायको म्हणाली, "तुम्ही समितीपेक्षा मलाच जास्त दमवताय." मुलगी ताटात बघत जेवायची. दर शनिवारी तिच्या शाळेचा सामना असायचा आणि ती गोलाच्या मागे उभी राहून बाहेर गेलेले चेंडू परत फेकायची. आत गोलात नववीतली एक बारकी मुलगी असायची, चेंडू आला की डोळे मिटणारी.

शेवटी रिफाचा करार हातात आला, तेव्हा समितीच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, हे ठीक आहे, पण जुन्या घराचं मीटर अजून तुमच्या नावावर चालू आहे. तिथे कोण राहतं? जुनं घर पूर्ण सोडल्याचा कागद आणा, मग सुनावणी लावतो. बोलला अगदी नम्रपणे. मला राग आला तो त्याच्या नम्रपणाचाच.

मनामाला दोनदा गेलो आणि चहा पिऊन परत आलो. पहिल्यांदा त्या पोरानं स्वयंपाकघरात स्वतः बसवलेल्या टाइल्स दाखवल्या. कामावर उरलेले तुकडे जमवून ओट्यामागची भिंत त्यानं अशी केली होती की मालकालाही वाटलं असतं नव्या आणल्यात. दुसऱ्यांदा त्याची बायको मेथी निवडत बसली होती, खिडकीत डब्यांतून कोथिंबीर लावलेली. ज्या खिडकीतून किल्ली यायची तीच खिडकी. तिसऱ्यांदा मी चहाच्या आधीच बोललो, चहानंतर मला जमलं नसतं.

सगळं सांगितलं. नियम, मीटर, बारावी. मला वाटलं तो काही वाद घालेल, निदान मुदत मागेल. तो म्हणाला, "दादा, घर तुमचंय. पोरगी खेळाय पायजे. आमी हलतो की."

"जागा मिळेल का लगेच?"

"मिळंल. आमचं दोघांचं काय असतंय."

त्याच्या बायकोनं खिडकीतल्या डब्यांकडे बघितलं. आठ दिवसांत ते दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायला गेले. एक खोली यांची, स्वयंपाकघर सामायिक. मी गाडी घेऊन सामान हलवायला गेलो होतो. टाइल्स काही काढून नेता येत नाहीत. मीटर बंद केल्याची पावती माझ्या खिशात होती आणि ती मला दिवसभर टोचत होती. लाज वाटत होती, हे सरळच सांगतो. पण त्याहून जास्त मला ती सुनावणी हवी होती.

सुनावणी एका शाळेच्या वाचनालयात झाली. टेबलामागे तिघे. मधले अध्यक्ष बहरीनी, निवृत्त शिक्षक असावेत, चष्मा दोरीला बांधलेला. मी कागद एकावर एक असे लावून नेले होते की कुणी बोट ठेवू नये: करार, मालकाचं पत्र, मीटरची पावती, नवीन पत्त्याची कार्डं. त्यांनी सगळे बघितले आणि मान हलवली. माझा पाय टेबलाखाली हलत होता, बायकोनं त्यावर स्वतःचा पाय ठेवला.

मग अध्यक्षांनी चष्मा काढला आणि मुलीला इंग्रजीत, अगदी मायेनं विचारलं, की तू शाळा का बदललीस?

ती ताठ बसली होती. म्हणाली, माझ्या जुन्या शाळेत मुलींचा संघ नव्हता. मला खेळता यावं म्हणून माझ्या वडिलांनी घर बदललं.

वाचनालयात एसीचा आवाज होता. कॉम्प्रेसर बिघडत आलेला होता, मला ते पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी बायकोच्या क्लिनिकचं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पोरगी माझ्या शेजारी बसली होती. तिच्यासमोर तिलाच खोटं पाडावं लागलं असतं मला.

निकाल तिथेच लागला. एक वर्ष. अध्यक्ष उठून दाराशी आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, तुमची मुलगी फार चांगली आहे. मला त्या क्षणी ते ऐकायचं नव्हतं.

गाडीत मी तिला बोललो. बरंच बोललो. इतक्या खेपा, इतके कागद, त्या दोघांना घराबाहेर काढलं मी, आणि तुला एक वाक्य गिळता आलं नाही? बायको मागे बसली होती, तिनं मला दोनदा नावानं हाक मारली. एरवी ती मला नावानं हाक मारत नाही.

मुलगी खिडकीबाहेर बघत इंग्रजीत म्हणाली, कुठे राहता ते त्यांनी मला विचारलंच नाही, पप्पा. का ते विचारलं. थोड्या वेळानं मराठीत म्हणाली, "मला माहीत होतं. आधीपासून."

"काय माहीत होतं?"

"क्लिनिक नाही ते. मला कुणाला तरी सांगायचं होतं."

सिग्नल हिरवा झाला तरी मी तसाच होतो, मागच्यानं हॉर्न दिला.

सामने चालू राहिले. ती दर शनिवारी जायची, गोलामागे उभी राहायची, आणि सामन्याआधी त्या नववीतल्या मुलीला अर्धा तास नुसते चेंडू मारायची, डोळे उघडे ठेवायची सवय लागावी म्हणून. मीही जायचो. कुठे उभं राहावं ते मला कळायचं नाही, म्हणून मैदानाभोवती फेऱ्या मारायचो. आणि एक गोष्ट मी टाळली. त्या दोघांना मी निकाल कळवला नाही. आज सांगू, उद्या सांगू. रिफाच्या मालकाला नावं ठेवली होती, आता माझाही बुकरा चालला होता.

मोसमाच्या शेवटच्या सामन्याला मी अशीच फेरी मारत होतो आणि पायऱ्यांवर ते दोघे दिसले. तो इस्त्रीचा शर्ट घालून, ती नेसून-सवरून. मनामाहून दोन बस बदलून आलेले. मांडीवर स्टीलचा डबा. त्यानं मला बघून हात वर केला. "दादा, आज सुट्टीच टाकली. म्हटलं मोसम संपायच्या आत एकदा बघावं. पोरगी कुठल्या जाळीत उभी ऱ्हाती?"

"तिचं खेळणं मफी. नाही खेळत ती," मी म्हणालो.

"आज?"

"या वर्षी. समितीनं नाही म्हटलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मग ते मीटर..." म्हणाला आणि थांबला. पुढचं त्यानं मनातच ठेवलं, ते त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं. मी बोट केलं. गोलामागे, रेषेच्या बाहेर, हातमोजे घालून ती उभी होती. तिला हातमोज्यांची काही गरज नव्हती, पण ती रोज घालायची.

तेवढ्यात कुणाचा तरी चेंडू जाळीच्या वरून जोरात बाहेर आला. ती दोन पावलं मागे सरकली, उडी मारली आणि डोक्याच्या वर, दोन्ही हातांत, अलगद झेलला. सामन्यात त्याची काही नोंद नव्हती. सगळं मैदान कॉर्नरची वाट बघत होतं. आणि पायऱ्यांवर त्या पोराची बायको उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. एकटीच. आजूबाजूचे आईबाप वळून बघायला लागले, तरी तिनं थांबवल्या नाहीत. मुलीनं वर बघितलं, त्यांना ओळखलं, आणि चेंडूसकट हात उंच केला.

"बसा की दादा," तो पोरगा सरकून जागा करत म्हणाला, आणि डब्याचं झाकण उघडलं. तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या.

मी बसलो. सामना संपेपर्यंत उठलो नाही.