पुठ्ठेबाईंचा तास

शाळेत संगणक शिकवणाऱ्या बाईंना सगळे पुठ्ठेबाई म्हणत, आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. रिकामं खोकं दिसलं की बाईंचा हात कात्रीकडे गेलाच म्हणून समजा. खोक्यांचे पत्ते कापायचे, त्यांवर पुढे, डावीकडे, उजवीकडे असे बाण काढायचे, वरून चिकटपट्टी लावायची. तेच पत्ते वर्षानुवर्षं वर्गामागून वर्ग वापरत. मुलं ते जमिनीवर ओळीनं मांडत आणि त्याच क्रमानं रोबोच्या पाठीवरची बटणं दाबत. रोबो म्हणजे वाटीएवढा, दोन चाकांचा, सांगितलं तेवढं मुकाट्यानं करणारा. "घरात असा एक हवा होता," असं बाई नवऱ्याला ऐकवत.

मुख्याध्यापिकांना मात्र हा सगळा पोरखेळ वाटे. हा तास गणिताला द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. शेवटचं एकदा बघू, म्हणून त्या वर्गात आल्या. या तासावर बाईंचा जीव होता.

"मीच मांडते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. समोरच्या भिंतीपाशी ठेवलेल्या रोबोला दारापर्यंत आणायचं होतं. त्यांनी झरझर पत्ते मांडले, बटणं दाबली. रोबो त्यांच्याकडे तोंड करून निघाला, मध्येच भलतीकडे वळला आणि दाराऐवजी कचऱ्याच्या डब्यावर जाऊन आपटला.

आता संपलंच, असं बाईंना वाटलं.

"तुम्ही तुमचं डावं धरलंत," पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली. "त्याचं धरायचं असतं. आमचंही आधी असंच व्हायचं. त्याच्या जागी उभं राहून बघायचं."

मुख्याध्यापिकांनी चपला काढल्या. भिंतीपाशी उभ्या राहून, पुटपुटत, एकेक पाऊल टाकत त्या वळल्या आणि एक पत्ता बदलला. या खेपेला रोबो निघाला तो थेट दारात. मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला. बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं.

दारात गणिताचे सर येऊन उभे होते. "मग हा तास मी कधीपासून घेऊ?" त्यांनी विचारलं.

"सर, तुम्हाला आहेत तेवढे तास पुरेत," जमिनीवर मांडी घालून बसलेल्या मुख्याध्यापिका मान वर न करता म्हणाल्या. "बाई, उजवीकडचा अजून एक पत्ता द्या."